उपचारानंतरचे पाच दिवस

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज कर्जाचा विषय नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचा आहे.

आपल्या एका ताईंच्या सासूबाईंना समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, दाराची चौकट वाकडी दिसायची. सगळ्यांना वाटलं मोतीबिंदू. तपासल्यावर कळलं, वयोमानाने होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून त्यातून पाणी झिरपत होतं.

बऱ्याच जणांना यावर नुसतं डोळ्यातलं इंजेक्शन पुरतं. आजींना दोन उपचार एकत्र दिले: इंजेक्शन, आणि हाताच्या शिरेतून व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध देऊन डोळ्यावर लेसर. हे औषध उजेडाने काम करतं. पण ते काही दिवस कातडीतही राहतं. म्हणून पाच दिवस उन्हात जायचं नाही असं सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी आजी शेळ्या घेऊन माळावर गेल्या. हात, मान भाजल्यासारखी लाल झाली, सुजली. घरचे म्हणाले, इंजेक्शन बाधलं. पुढची तारीख चुकवली आणि नजर आणखी गेली.

ऊन का टाळायचं, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. सोबत मी होते, मीही विचारलं नाही. म्हणून आज सांगते.

व्हर्टेपोर्फिन दिल्यावर पाच दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळा. घरी परततानाही अंग झाकणारे कपडे, टोपी, गडद चष्मा हवाच. उन्हाची क्रीम लावून भागत नाही. मात्र अंधारात कोंडूनही ठेवू नका. घरातल्या साध्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं.

इंजेक्शननंतर डोळा थोडा लाल होणं, खुपणं, ठिपके तरंगताना दिसणं, हे बहुतेक वेळा काही दिवसांत कमी होतं.

पण दुखणं वाढलं, लाली वाढली, उजेड सोसेना किंवा नजर कमी झाली, तर डोळ्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर ढकलू नका.

आधी लकवा किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर उपचाराआधीच सांगा.

आणि तायांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख चुकवू नका. म्हातारं माणूस हौसेने उन्हात जात नाही, काम अडतं म्हणून जातं. तेव्हा त्या पाच दिवसांत शेळ्या कोण राखणार, हे गटाने आधीच ठरवायचं. एवढं आपल्याला नक्की जमेल.