आगोटीची खरेदी आणि बिलाची रांग



मे महिना सरत आला की रत्नागिरीत आगोटीची लगबग सुरू होते. पावसाळ्यात घराबाहेर पडणे अवघड, म्हणून तांदूळ, डाळी, कडधान्ये, मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी आधीच भरून ठेवायची, ही कोकणची जुनी रीत. आता गावोगावी रस्ते झाले, भर पावसातही गाड्या चालतात. तरी मिरग लागायच्या आत डबे भरलेले पाहिल्याशिवाय घरातल्या मोठ्या माणसांना चैन पडत नाही. बदलली ती खरेदीची जागा. राम आळीत किंवा धनजी नाक्यावर होणारी ही खरेदी आता बरीचशी मोठमोठ्या दालनांत होते.

वाण्याच्या दुकानाची पद्धत साधी होती. पावसहून किंवा जाकादेवीहून सकाळच्या एस.टी.ने आलेले माणूस आपली यादी दुकानात द्यायचे आणि पुढच्या कामांना लागायचे. बँक, तहसील कचेरी, दवाखाना उरकून दुपारी परत यावे, तर पुड्या बांधून, पिशव्या भरून, वर हिशेबाचा कागद ठेवून सगळे तयार. थांबायची ती यादी, माणूस नव्हे. अर्थात तिथेही वजनाची शंका असायची, माल निवडता येत नसे आणि भाव वाणी सांगेल तो. मोठ्या दालनांकडे लोक वळले ते उगाच नाही. वस्तू हातात घेऊन पाहता येते, छापील किमतीपेक्षा दोन पैसे कमी पडतात, पक्के बिल मिळते.

पण या स्वस्ताईमागे एक व्यवहार आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने पिगली विगली नावाचे दुकान काढले. तोपर्यंत माल काढून द्यायचे काम दुकानातला नोकर करत असे. सॉन्डर्सने ते काम गिऱ्हाइकाकडे दिले. फळीवरून वस्तू आपणच घ्यायची आणि दाराशी पैसे द्यायचे. नोकरांचा खर्च वाचला, माल स्वस्त झाला. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली आणि एका फेरीत होणारी खरेदी वाढली. आपल्याकडे २००१ मध्ये बिग बझार आले, २००२ मध्ये मुंबईत पवईला डी मार्टचे पहिले दुकान उघडले आणि ही पद्धत मराठी घरांत रुळली. म्हणजे पूर्वी जे कष्ट दुकानदाराचे होते ते आज गिऱ्हाईक करते. त्याबदल्यात भाव कमी मिळतो, हे ठीकच. पण त्याचा वेळ किती जावा, याला काही धरबंध नको का?

आगोटीच्या दिवसांत अशा दालनात गेलेल्या गृहिणीचा दिवस कसा जातो ते पाहा. दारात पिशवी जमा करून टोकन घ्यायचे. रोज लागणाऱ्या वस्तू बहुधा अगदी आतल्या बाजूला, म्हणजे तिथवर पोचेपर्यंत बाकी सारा माल डोळ्यांखालून जावा. ढकलगाडी भरून बिलाच्या रांगेत उभे राहावे, तर पाच गल्ल्यांपैकी दोनच चालू. नंबर लागला की कळते, सुट्या डाळीचे वजन करून चिकटपट्टी लावून घ्यायची राहिली. ती परत आत जाते, मागची रांग चुळबुळते. एखाद्या पुडीवरचा बारकोड वाचला जात नाही, तो आकडा आकडा करून हाताने भरावा लागतो. मग मोबाइल नंबर विचारला जातो. मग पैसे भरताना नेटवर्क जाते. शेवटी दारावरचा पहारेकरी बिल तपासून शिक्का मारतो, तेव्हा सुटका. तोवर मालगुंडची गाडी निघून गेलेली असते.

ही रांग अटळ आहे असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती अ‍ॅग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्या गणिताने एक साधा हिशेब मांडता येतो. समजा, एका बिलाला सरासरी पाच मिनिटे लागतात, म्हणजे एक गल्ला तासाला बारा गिऱ्हाइके करू शकतो. गिऱ्हाइके ठरल्या वेळी न येता कशीही येतात आणि कुणाचे बिल लहान, कुणाचे मोठे असते. अशा वेळी तासाला आठ जण आले तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. दहा जण आले तर पंचवीस मिनिटे. आणि अकरा आले तर पंचावन्न मिनिटे! तासाला एकच माणूस वाढला आणि खोळंबा दुपटीहून अधिक झाला. उलट बाजूने पाहिले, तर गर्दीच्या वेळी एखादा बंद गल्ला उघडला की रांग भराभर ओसरते. बंद गल्ल्यावर माणूस न बसवता वाचवलेला पगार शेकडो गिऱ्हाइकांच्या तासांतून वसूल होतो, हे व्यवस्थापकांनी लक्षात घ्यावे.

या सगळ्याचा राग निघतो तो गल्ल्यावरच्या मुलीवर. ती बिचारी आसपासच्या गावातली असते आणि सकाळपासून उभी असते; गल्ले किती उघडायचे हे ती ठरवत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. ती माणुसकी प्रत्येक दालनाने दाखवायला हवी. गल्ले किती उघडायचे हे ती ठरवत नाही.

गिऱ्हाइकाला काही हक्कही आहेत. बिलासाठी मोबाइल नंबर देण्याची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिली आहे. नंबर न देताही बिल मिळालेच पाहिजे. आधी न सांगता ऐन गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. छापील किमतीहून जास्त पैसे तर दुकानदाराला घेता येत नाहीत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि स्वस्त मालासाठी रांगेत ताटकळण्यावाचून गत्यंतर नाही, हेही खरे नव्हे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. सभासद महिन्याची मागणी लिहून देतात, माल एका घरी एकत्र येतो आणि तिथे आपापसांत वाटून घेतला जातो. पाच-दहा घरांनी ठरवले तर एखाद्या वाडीलाही आगोटीचा माल असा एकत्र आणता येईल.

दालनांच्या चालकांना एवढीच विनंती आहे. मेअखेरीस आणि गणपतीच्या आधी सगळे गल्ले चालू ठेवा, वृद्धांसाठी आणि थोडक्या वस्तूंसाठी वेगळी रांग करा, टेकायला चार खुर्च्या ठेवा. आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी बंद गल्ला दिसला तर रांगेत मुकाट उभे राहू नका. व्यवस्थापकांना बोलावून तो उघडायला सांगा, आणि त्यांनी ऐकले नाही तर तक्रारवहीत लिहून या.