उंदराची निवड



रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती आज रस्त्यांची आणि इमारतींची दाटी आहे. परंतु शहराची वेस ओलांडली, की छत्तीसगडची धानाची शेते लागतात. धान पोटरीवर आले, की बांधालगतचे काही फुटवे बुडाशी तिरके कापलेले आढळतात. कोवळा भाग तेवढा कुरतडलेला. बाकीचे सारे चिखलात पडलेले. शेतकरी हळहळतो, 'खाल्ले थोडे, नासले फार!' हे काम घुशीच्या कुळातील एका लहान उंदराचे. पण हा नुसता उधळेपणा आहे काय?

थोडे गणित करू. अडीचशे ग्रॅमचा उंदीर आणि अडीचशे किलोचा बैल घ्या. बैल वजनाने हजारपट. पण मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे, विसाव्याच्या स्थितीत त्याला लागणारी ऊर्जा सुमारे १७८ पटच भरते. म्हणजे उंदराच्या देहातील प्रत्येक ग्रॅमला बैलाच्या साडेपाचपट इंधन हवे. पोट मात्र देहाच्याच मानाने लहान! बैल तणस खाऊन स्वस्थ रवंथ करतो. त्याच्या पोटातील सूक्ष्म जंतू ते सावकाश आंबवीत राहतात. उंदराच्या आंधळ्या आतड्यातही असे जंतू आहेत, परंतु त्याला एवढी सवड नाही. तणसावर पोट भरले, तरी तो उपाशीच राहील. म्हणून तो निवडतो: आधी कोवळा गाभा, मग दाणे भरले की लोंब्या. त्या तो बिळातही साठवितो. आपण जिला नासधूस म्हणतो, ती त्याच्या लेखी पचेल तेवढेच वेचण्याची निकड होय.

हे ओळखले, की उपायाची वेळही कळते. शेत लोंब्यांनी भरल्यावर आमिष मांडणे बहुधा व्यर्थ. भरले ताट सोडून तिकडे कोण वळणार? शिवाय उंदराला ओकारी येत नाही. त्यामुळे अनोळखी खाद्य तो जपून चाखतो, आणि एकदा बाधले की पुन्हा शिवत नाही. म्हणूनच झिंक फॉस्फाइड घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी दाणे ठेवण्याची रीत आहे. हे काम पीक पोटरीवर येण्यापूर्वी, आणि साऱ्या गावाने एकदम करावे. एकट्याने शेत मोकळे केले, तर शेजारचे उंदीर तेथे वस्तीला येतात.

उंदराच्या पोटाचा हिशेब ज्याला उमगला, त्याच्या कोठारात चार पायल्या धान अधिक पडेल, यात शंका नाही.