कुठून आलास, की कोण आहेस?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, “तू कॉम्प्युटरमधला माणूस. सगळ्यांना कळेल असं दहा मिनिटं बोल.” वर्गात मला कधी सलग दोन मिनिटं बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे ही बढती समजतो. पण कामाचं बोलण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आपली शाळा अकराला भरायची. प्रार्थनेची घंटा झाली की शिपाईमामा फाटक लावून घ्यायचे. डोंगराकडच्या वाड्यांवरून येणारी एसटी मात्र रोज उशिरा यायची. त्यात त्या मुलांचा काय दोष? म्हणून हेडसरांनी मामांना सांगून ठेवलं होतं, की त्या गाडीची मुलं आली की आत सोडा. हे आम्हा गावातल्या चार पोरांना कळलं. उशीर झाला की आम्ही शाळेकडे न येता उलटे स्टँडवर पळायचो आणि गाडीच्या घोळक्यात मिसळून ऐटीत आत यायचो. मामा कोणत्या रस्त्याने आलो ते बघायचे, तोंड बघायचे नाहीत. दिवाळीपर्यंत आमचं छान चाललं. मग सरांनी गाडीच्या मुलांना फोटो आणि सही असलेले पास दिले आणि आमचा धंदा बसला. सर, ते चार जण आज या सभागृहात आहेत. तिघांची नावं सांगत नाही, चौथा तुमच्यासमोर उभा आहे.

त्या फाटकावरचा धडा मी पुढे विसरलो आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ती गोष्ट आता सांगतो.

मी दूध संकलन केंद्रांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो. लिटर, फॅट, एसएनएफ यांची नोंद होते, हातात चिठ्ठी मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. माझ्याकडे अशी चौदा केंद्रं होती. त्यांच्या सगळ्या नोंदी एका क्लाउड सर्व्हरवर जमा व्हायच्या. क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर असतो. तो इंटरनेटवर असतो, म्हणजे जगातल्या कोणालाही त्याच्या दारापर्यंत येता येतं. आणि येतातही. नवा सर्व्हर सुरू केल्यावर काही तासांतच नोंदवहीत अनोळखी लोकांच्या खटपटी दिसू लागतात. ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावं आणि सोपे पासवर्ड लावून बघणारे आपोआप चालणारे प्रोग्राम असतात ते. त्यांचं आपल्याशी वैर नसतं. प्रत्येक कडी हलवून बघायची, एवढंच त्यांचं काम.

म्हणून सर्व्हरपुढे फायरवॉल लावतात. हे आपलं फाटक. त्यावर नियम लिहिता येतो, की अमुक आयपी पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोड. मी चौदा केंद्रांचे पत्ते लिहून टाकले आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पहिला फोन आला, “सर, लागत नाही.”

कारण साधं होतं. कायमचा आयपी पत्ता वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. नाहीतर लाईट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की नवा पत्ता मिळू शकतो. मोबाईलच्या नेटवर तर आणखी पंचाईत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे मोबाईल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागून बाहेर पाठवतात. म्हणजे मी एका केंद्राचा पत्ता फाटकावर लिहिला, तर त्याच पत्त्यामागचे सगळे अनोळखी लोकही आत यायला मोकळे. एसटीतून उतरलेला घोळकाच की हा!

मी रोज सकाळी पत्ते बदलत बसलो. एकदा बहिणीच्या घरी लग्नाला गेलो होतो. सहापासून फोन सुरू, इकडे हळदीची गडबड. वैतागून मी नियम बदलला आणि फाटक साऱ्या जगाला उघडं केलं. म्हटलं, दहा मिनिटांत परत लावू. लग्न पार पडलं, जेवणं झाली, मी घरी आलो आणि विसरलो. डेटाबेसचा पासवर्ड होता डेअरीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. बाई, तुम्ही मला नेहमी म्हणायचात, “हुशार आहेस, पण आळशी आहेस.” त्याचा हा पुरावा.

अकराव्या दिवशी पहाटे फोन आला, “सर, नोंदीच दिसत नाहीत.” बघतो तर सगळे तक्ते पुसलेले. एकच नवा तक्ता होता आणि त्यात इंग्रजीत निरोप, की बिटकॉइन पाठवा, मग माहिती परत देऊ. असे पैसे भरूनही माहिती परत मिळेल याचा भरवसा नसतो. मी भरले नाहीत. सुदैवाने रोज रात्रीची एक प्रत दुसरीकडे जात होती. आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं परत आलं. गेला तो एक दिवस, सकाळ आणि संध्याकाळ मिळून. आणि दुसऱ्याच दिवशी बिल होतं.

मी गावोगाव फिरलो. केंद्रांवरच्या वह्या आणि शेतकऱ्यांकडच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, दोन रात्री बसून टाइप केल्या. बिल दोन दिवस उशिरा निघालं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गोठा होता. पेंडीची उधारी दोन दिवस लांबली तर काय बोलणी बसतात, हे तुम्हाला सांगायला नको. एका मावशींच्या दोन म्हशी. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठीच मी टाकत नाही.” रागाचा एक शब्द नाही. मला त्या दिवशी कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी फाटकाचा विचार नीट केला. वाटा दोन-तीन होत्या. पत्ता बदलला की फाटकावरचा नियम आपोआप बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिता येतो. एकट्या माणसाला, घरच्या ब्रॉडबँडवर, तो चालून जातो. पण मोबाईलचा घोळका त्याने सुटत नाही. खरी चूक ‘कुठून आला’ हे विचारण्यातच होती.

म्हणून मी पास दिले. ‘वायरगार्ड’ नावाची एक मोफत व्यवस्था आहे. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिच्यात प्रत्येक कॉम्प्युटरसाठी किल्ल्यांची जोडी बनते. खाजगी किल्ली त्या कॉम्प्युटरवरच राहते, तिची जोडीदार जाहीर किल्ली सर्व्हरला देऊन ठेवायची. फायरवॉलमध्ये या व्यवस्थेपुरतं एकच दार उघडं ठेवायचं, आणि ते साऱ्या जगाला. ऐकायला विचित्र वाटतं. पण ओळखीची किल्ली नसेल तर ते दार उत्तरच देत नाही. कडी वाजवणाऱ्याला आत कोणी आहे की नाही, हेही कळत नाही. किल्ली जुळली, तर पत्ता काल कोणता होता याच्याशी देणंघेणं नाही. आज दुसऱ्या पत्त्यावरून आलात, तर उत्तर तिकडे येतं. डेटाबेस आता फक्त या आतल्या रस्त्यावर ऐकतो. बाहेरून त्याचं दार दिसतच नाही.

पण पास म्हणजे हेडसरांच्या कपाटाची किल्ली नव्हे. आत आल्यावरही प्रत्येक केंद्राला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि आपल्यापुरतेच अधिकार. एका केंद्राचा कॉम्प्युटर चोरीला गेला, तेव्हा मी सर्व्हरवरून त्याची एक ओळ काढली. तो पास रद्द झाला, बाकी तेरांचं काम थांबलं नाही. मी स्वतः दुरुस्तीला जातो तेही किल्लीनेच. पासवर्डने आत येणं बंद केलं. आणि जुनं दार लावण्याआधी नव्या दाराने दोनदा आत जाऊन बघितलं, नाहीतर मीच बाहेर राहिलो असतो. शिवाय अडचणीच्या वेळेसाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या खात्यातून एक मागची वाट आहे. त्या खात्याला पासवर्डबरोबर मोबाईलवरचा कोडही लागतो.

तुमच्यापैकी कोणी दुकानाचा सीसीटीव्ही घरून बघतं, कोणाचे हिशेब क्लाउडवर आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला तीन गोष्टी विचारा. आपलं दार जगाला उघडं आहे का? आत येणाऱ्याला पत्त्यावरून ओळखता की किल्लीवरून? आणि सगळं पुसलं गेलं, तर कालची प्रत कुठे आहे? उत्तर द्यायला तो घुटमळला, तर चहा पाजा, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका.

आज सकाळी फाटकात शिरताना मामा खुर्चीवर बसलेले दिसले. वय झालंय, नजर कमी झालीय. मी पाया पडलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला, जवळ ओढून तोंड निरखलं आणि म्हणाले, “गाडीतनं आलास का आज?”

म्हणजे मामांना तेव्हाही माहीत होतं.