आवाज कोणाचा?

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत युरोप-अमेरिकेंतील नृत्यगृहें ज्या संगीतानें दुमदुमत होतीं, त्याला डान्स-पॉप म्हणतात. त्याचे घटक थोडे व ठरीव. मिनिटाला सुमारें १२० ते १४० ठोके देणारा, कधींहि न चुकणारा ताल. खालीं खर्जांतील स्वर. मधून मधून पियानोचे तुटक स्वरसमूह. कोठें पुरुषाचे झपाट्यानें म्हटलेले बोल. आणि या सर्वांवर चढणारा एका स्त्रीचा भरदार आवाज. ताल पुष्कळदां रोलंड ९०९ या यंत्राचा असे, आणि पियानो-ऑर्गनचे स्वर १९८८ सालच्या कोर्ग एम-१ या वाद्यांतले.

आज हें सारें साहित्य जमविण्याचें कारण उरलेलें नाहीं. सुनो किंवा युडिओ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनास दोन ओळींत वर्णन लिहून दिलें, कीं थोड्याच वेळांत त्या वळणाचें गाणें तयार होतें. असंख्य ध्वनिमुद्रणांवरून कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनि येतो, याचा अंदाज हीं साधनें शिकलेलीं असतात. मूळचें संगीतच बव्हंशीं यंत्रानें घडविलेलें व पुनरावृत्तीवर उभें. तेव्हां त्याची नक्कल साधली, यांत नवल नाहीं. प्रश्न आहे तो आवाजाचा.

हा प्रश्न त्या काळींहि उठला होता. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या मंडळाचें 'गॉना मेक यू स्वेट' हें गाणें १९९० सालीं निघालें व पुढील वर्षीं अमेरिकेंतील लोकप्रिय गाण्यांच्या यादींत पहिलें आलें. त्यांतील गाजलेला स्त्रीस्वर मार्था वॉश यांचा. परंतु चित्रफितींत ओठ हालविले ते झेल्मा डेव्हिस यांनीं. इटलीच्या ब्लॅक बॉक्स या मंडळाच्या गाण्यांतहि आवाज वॉशबाईंचा व मुखवटा दुसरीचा, असाच प्रकार झाला. वॉशबाई न्यायालयांत गेल्या. तडजोडी झाल्या, आणि गाणारणीचें नांव छापणें ही मेहेरबानी नसून तिचा हक्क आहे, हें ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला उमगूं लागलें.

आतांचा तंटा अधिक बिकट आहे. जून २०२४ मध्यें तीन मोठ्या संगीत-कंपन्यांनीं सुनो व युडिओ यांच्यावर, आपलीं ध्वनिमुद्रणें परवानगीवांचून वापरल्याबद्दल, खटले भरले. २०२५ सालीं युनिव्हर्सलनें युडिओशीं, व वॉर्नरनें दोघांशींहि तडजोड केली. हे करार कंपन्या-कंपन्यांमधले. वॉशबाईंना 'हा आवाज माझा' असें म्हणतां आलें, कारण तो ओळखूं येत होता. यंत्राचा आवाज हजारों गळ्यांतून गाळून आलेला. त्यांतील आपला अंश कोणती गायिका दाखवूं शकेल?

हौसेनें असें गाणें कोणी घडविल्यास त्यांत पाप नाहीं. मात्र तें यंत्राचें आहे, हें स्पष्ट लिहावें. आणि घरांतील मुलांना तें ऐकविल्यावर मूळ गाणेंहि, गाणारणीच्या नांवासह, ऐकवावें. ज्या नांवासाठीं एका बाईला न्यायालयाची पायरी चढावी लागली, तें घेण्यास कांहीं खर्च येत नाहीं.