गर्भातील व्यंगांचे निदान

मातेच्या उदरातील बालकाची स्थिती जाणण्यास वैद्यांजवळ एके काळी हाताचा स्पर्श आणि कानाची नळी एवढीच साधने होती. पुढे क्ष-किरण आले. परंतु गर्भावस्थेत त्यांचा संपर्क घडलेल्या बालकांत कर्करोग अधिक आढळतो, असे ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली निदर्शनास आणले. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड व सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने मिळविलेल्या उदरातील प्रतिमा प्रसिद्ध केल्या. या संशोधनाचे मूळ, नवल वाटेल, पण धातूतील भेगा शोधणाऱ्या कारखान्यातील यंत्रात होते. आज सर्वांच्या परिचयाची झालेली सोनोग्राफी ती हीच.

मस्तकाची कवटी न घडणे, पाठीचा कणा उघडा राहणे, हृदयाच्या रचनेतील दोष यांपैकी पुष्कळ व्यंगे १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत दिसू शकतात. सर्वच दिसतात असे मात्र नाही. गर्भजल कमी असल्यास किंवा मेंदूविषयी शंका उरल्यास एमआरआयचा आधार घेतला जातो. त्यात क्ष-किरण नसून प्रबळ चुंबक व रेडिओलहरी असतात. गर्भ हालता असल्याने पूर्वी या प्रतिमा पुसट येत; १९९० नंतरच्या दशकात जलद चित्रणाने ती अडचण बरीच दूर केली.

खरा प्रश्न वेळेचा आहे. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास अनुमती मिळू शकते. पण निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो आणि धावपळ वाढते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या गर्भवतीचे हे मोलाचे आठवडे अनेकदा फडावरच निघून जातात. निघण्यापूर्वी तिची नोंद व्हावी आणि तपासणीचे कागद तिच्यासोबत असावेत, एवढे गावाला सहज करता येईल. निदान म्हणजे गर्भपातच, ही समजूतही चुकीची आहे. छातीच्या पडद्याला छिद्र असलेल्या बालकाचा जन्म कोठे व्हावा, हे आधी ठरले तर जन्मतःच उपचार सुरू होतात.

याच यंत्राने मुलींचा घातही केला. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. लिंग सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हे आहेत.

काही व्यंगे मात्र टाळता येतात. कण्याची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांतच मिटते, तेव्हा अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. त्यामुळे फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू करावी लागते. नोंदणीनंतर दिलेली गोळी या कामी उशिराची ठरते.