अचौर्यव्रत आणि आजचा व्यापार



लाच देणारा प्रत्येक व्यापारी लोभीच असतो, असे मानणे सोपे आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. भारतासारख्या विकसनशील देशांत लाचेचे मूळ पुष्कळदा विलंबात असते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने अनेक उद्योगांत नवा कारखाना काढण्यास सरकारी परवाना आवश्यक ठरला. सही करणारे हात थोडे आणि ताटकळणारे उद्योजक फार, अशी स्थिती निर्माण झाली. संतानम समितीने १९६४ मध्ये नेमके निदान केले: पैसे देणाऱ्यास अनेकदा बेकायदेशीर असे काही नको असते, फाईल लवकर हलावी एवढेच हवे असते. परंतु या सवयीमुळे पैसे मिळेपर्यंत काम अडवून ठेवण्याची वृत्ती बळावते. म्हणजे विलंबावरचा उपायच विलंबाचे कारण होतो.

१९९१ नंतर बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द झाले. तरी जमीन, बांधकाम, करआकारणी व सरकारी कंत्राटे येथे अधिकाऱ्याची सही उरलीच. तेथे दुसरे कारण प्रबळ ठरते: स्पर्धक देतो, मग न देणारा मागे पडेल ही भीती. हा खर्च अखेर मालाच्या किमतीत मिसळतो आणि ग्राहकाच्या माथी बसतो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या वजनमापांच्या जोडीने राज्यनियमाचे उल्लंघनही आहे. तेव्हा 'व्यवहार वेगळा, धर्म वेगळा' ही पळवाट श्रावकास उपलब्ध नाही.

मात्र एकट्या दुकानदाराने व्रत पाळावे आणि समाजाने केवळ कौतुक करावे, हा न्याय नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार लाच देणे हाही गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास संरक्षण आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा असून विलंबाविरुद्ध अपील करता येते. परंतु उद्या त्याच कचेरीत जावयाचे असल्याने एकटा मनुष्य कचरतो. अशा वेळी व्यापारी संघटनेने त्याचा अर्ज, पोच आणि अपील यांचा पाठपुरावा आपल्या शिरावर घ्यावा. उपवास करणाऱ्याच्या पारण्याची काळजी सारा संघ वाहतो. प्रामाणिक व्यापाऱ्याच्या अडलेल्या फाईलचीही त्याने वाहावी.

जय जिनेंद्र!