कुंपणाची फळे



वैशाखात करवंदीच्या जाळीत हात घालून ओरखडे घेतलेली मंडळी या मांडवात पुष्कळ असतील. म्हणून इंग्लंडातले आमचे चार दिवस आपल्याला फारसे परके वाटणार नाहीत. सप्टेंबरअखेर तिथल्या एका कामगारबंधूने आम्हांला ऑक्सफर्ड कालव्यावर नॅरोबोटीने नेले. बोटीची रुंदी अवघी ७ फूट, लांबी ७० च्या घरात. तासाला ४ मैलांहून वेगाने जायची तिथे मनाईच आहे. त्यामुळे एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने काठच्या वाटेने फळे तोडीत चालावे आणि पुढच्या लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणाऱ्या हौदापाशी, पुन्हा बोट गाठावी.

ही वाट पूर्वी बोट ओढणाऱ्या घोड्याची. तिच्या कडेने हद्द राखायला काटेरी हॉथॉर्नचे कुंपण लावलेले असते. त्यात ब्लॅकबेरी, रानगुलाब आपोआप शिरतात. ब्लॅकबेरी काळी दिसली तरी हलके ओढून पाहावी. सहज सुटली तरच पिकली. उंच फांदी वाकवायला आकड्याची काठी लागते. ‘स्लो’ नावाचे फळ दिसते जांभळासारखे. पण त्याच्यापुढे आपले जांभूळ म्हणजे साखर! तोंड असे आवळते की वक्त्यांना ते जरूर द्यावे. तिकडे ते साखर घालून जिनमध्ये मुरवतात. २९ सप्टेंबरच्या मायकेलमसनंतर ब्लॅकबेरीवर सैतान थुंकतो, अशी जुनी समजूत आहे. ओलीने फळ तेव्हा पाणचट होते, एवढे खरे.

पण आम्ही पडलो पाहुणे. पूर्वी या बोटींवर राबणाऱ्या कुटुंबांना पैसे मिळत ते खेपेचे. सुमारे १० फुटांच्या केबिनमध्ये सगळा संसार, आणि बायकोमुलांच्या श्रमाला वेगळी मजुरी नाही. फळांसाठी थांबणे म्हणजे पोटाला चिमटा. १९२३ साली मजुरीकपातीविरुद्ध याच कालव्यावरच्या ब्राउन्स्टनला बोटवाल्यांनी संप केला. ऑगस्टात सुरू झालेला हा संप १४ आठवडे चालला. नेमका कुंपणे फळांनी लगडण्याचा हंगाम. पण ब्लॅकबेरीवर संप चालत नाही, भाकरी लागते.

दुसऱ्या महायुद्धात संत्री येईनाशी झाली, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वासाठी सरकारने रानगुलाबाची फळे मुलांकडूनसुद्धा वजनावर पैसे देऊन गोळा करवली. पुढे १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने ठरवले की, रानात आपोआप उगवलेल्या झाडाचे फळ तोडणे ही चोरी नव्हे. मात्र विकण्यासाठी तोडले तर ती चोरी ठरू शकते. ट्रक लावून कुंपण ओरबाडणाऱ्याला हे बंधन हवेच. पण एक टोपली विकून मीठमिरची आणणारी बाई आणि तो ट्रकवाला यांना कायद्याने एकाच ओळीत बसवले, हे आम्हांला पटलेले नाही. आमच्या यजमानांना मात्र ते पटले होते, आणि दोन लॉक येईपर्यंत आम्ही त्यावर भांडलो.